हरीभाऊंची फळी

हरीभाऊ घरतांचा चेहरा आठवायचा म्हटला तर मला थोडा वेळ लागतो. हात मात्र लगेच दिसतात. आमच्या क्लबच्या बेंचवर मी कित्येक वर्षं त्यांच्या डाव्या अंगाला बसलो, आणि शेजारी बसणाऱ्याला माणसाचं तोंड कमी आणि हात जास्त दिसतात. रुंद पंजे, लहानपणी मिठागरात राबून कायमची चिरलेली बोटं, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे. समोर गोल झाला तरी ते हात तिथून हलत नसत. शेजारी आम्ही उड्या मारत असू आणि भाऊ देवळातल्या भजनाला बसल्यासारखे बसलेले. आधी आधी मला त्याचा राग यायचा.

मी तिथे कोण, हेही सांगून टाकतो. रोह्याच्या बाजारपेठेत माझं औषधाचं दुकान आहे. टीमबरोबर मैदानावर यायला डॉक्टर मिळेना, म्हणून थंड फवारा, पट्ट्या आणि बर्फाची पेटी घेऊन मी जायला लागलो आणि तिथेच चिकटलो. भाऊ मला सगळ्यांसमोर 'डाक्टर' म्हणत. खरा डॉक्टर आसपास असला की जरा जास्तच मोठ्याने म्हणत. मी संकोचलो की त्यांच्या मिशीची एक बाजू हलायची. एवढंच त्यांचं हसणं.

भाऊ मूळचे पेणच्या खाडीकडच्या गावातले. वडील मिठागरात होते. तरुणपणी भाऊ मुंबईत एका कंपनीच्या टीमकडून खेळले, मग फिटर म्हणून रोह्याला आले आणि पहिली शिफ्ट सुटली की नदीपलीकडच्या मैदानावर पोरांना खेळवू लागले. याहून जास्त चरित्र मला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणत, "माझं काय विचारतोस? पोरांचं विचार." पोरांचं विचारलं की मात्र दुकान बंद करायची वेळ झाली तरी ते उठत नसत.

आमच्याकडे कबड्डीला मान. फुटबॉल म्हणजे चार महिने चिखलात लोळायचा खेळ, अशी लोकांची समजूत. त्या समजुतीतून भाऊंनी एकेक पोरगा उचलला. कोणी नागोठण्याचा, कोणी कोलाडच्या ढाब्यावर थाळ्या मांडणारा, कोणी भातशेती सोडून आलेला. मग कधीतरी आमच्या शेठना नाद लागला. शेठ म्हणजे मालवाहतुकीच्या धंद्यातलं बडं प्रस्थ. माणूस मनाने वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. त्यांनी क्लब रीतसर नोंदवला, मुंबईच्या लीगमध्ये उतरवला, करारावर पगारी खेळाडू आणायचं ठरवलं. आणि पहिल्याच बैठकीत म्हणाले, "भाऊ, पोरं गुणी आहेत, पण तिकडं नाव असलेले लोक लागतात. मी अनुभवी माणसं आणतो. तुम्ही फक्त खेळवा."

भाऊ म्हणाले, "आना. म्हातारी मानसं मला बी लागतात. पन माझ्या रीतीनं ऱ्हायचं त्यांनी."

भाऊंची रीत ऐकून शेठ हसले होते. बाहेरून आलेला खेळाडू लॉजवर राहणार नाही. त्याच्याच जागेवर खेळणारा आपला जो पोरगा असेल, त्याच्या घरी राहील, त्याच्या आईच्या हातचं जेवेल, त्याच्याच गाडीने प्रॅक्टिसला येईल. मॅचच्या दुसऱ्या हाफमध्ये भाऊ खूण करतील तेव्हा तो मुकाट बाहेर येईल आणि पोरगा आत जाईल. आणि बाहेर आल्यावर पाण्याची बाटली तोंडाला लावायच्या आधी तो भाऊंच्या उजव्या अंगाला बसेल आणि आत गेलेल्या पोराचं काय चुकतंय, काय जमतंय, ते सांगेल.

"पाण्याच्या आधी का?" मी एकदा विचारलं.

"पानी पिला की मानूस स्वतःचा विचार करायला लागतो," भाऊ म्हणाले.

ती खूण म्हणजे फळी. दोन्ही हात गुडघ्यांवरून उठायचे, पंजे उताणे व्हायचे आणि जड काहीतरी वर ओढावं तसे छातीपर्यंत यायचे. हाका नाहीत, शिट्टी नाही. नवीन माणसाला वाटायचं, भाऊ देवाला काही मागतायत.

फळी कसली, ते कळावं म्हणून भाऊ दर उन्हाळ्यात अख्ख्या टीमला आपल्या गावाकडच्या मिठागरावर नेत. पेणला उतरायचं, तिथून टेम्पोने खाडीकडे. भर उन्हात आम्ही बांधावरून चालत असू. डोळे दिपून जायचे. भाऊ एका वाफ्यापाशी थांबत. खाडीचं पाणी आधी मोठ्या वाफ्यात घेतात, उन्हात तापू देतात, मग मधली फळी उचलून पुढच्या वाफ्यात सोडतात, तिथे आणखी तापतं, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. भाऊ हे सगळं दाखवत आणि मग बाहेरून आलेल्या खेळाडूंकडे वळून म्हणत, "लवकर सोडला तर मीठ धरत नाय. ह्ये सगल्यांना ठावं. पन उशीर केला तर काय होतं?"

मग स्वतःच वाकून फळीच्या खाचेत बोट घालत.

"उशीर केला तर मीठ इथंच बसतं, भलत्या वाफ्यात. फळीच्या खाचेत बसतं. मग किती बी जोर लाव, फळी निघत नाय." असं म्हणून ते फळीवर टाच आपटत. खाडीकडची पोरं माना डोलावत, कारण त्यांनी ते पाहिलेलं असायचं. मुंबईहून आलेले लोक रुमालाने घाम पुसत आणि सावली शोधत.

सगळेच काही या रीतीला मानत नव्हते. एक फॉरवर्ड आला होता, मुंबईत बरंच नाव झालेला. पहिल्याच मॅचला भाऊंनी फळी उचलली तर त्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. रेफरीने बोर्ड दाखवल्यावर बाहेर आला तो थेट कपडे बदलायच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ तो ज्या पोराकडे राहत होता तिथे गेले, त्याची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि त्याला रोहा स्टेशनवर सोडून आले. गाडी सुटेपर्यंत खिडकीपाशी उभे राहून त्याच्याशी भाताच्या जातींबद्दल बोलत होते म्हणे. शेठ भडकले. पण त्या फॉरवर्डच्या जागी गेलेल्या पोराने पुढच्याच मॅचला गोल केला आणि शेठचा राग पेढ्यांत विरघळला. तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं की भाऊंचं कधी चुकत नाही. मला तर खात्रीच होती.

लॉरेन्स आला तो वेगळ्या मातीचा. गोव्याचा स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहणारा. पस्तिशी उलटलेली, उजवा गुडघा सुजलेला, पण चेंडू कुठे पडणार हे त्याला आधीच कळायचं. त्याची जोडी लागली जिते गावच्या प्रणयशी. प्रणय तेव्हा नुकता अठरा पूर्ण झालेला, हाडकुळा, लांब ढांगांचा, बोलायला लाजरा. उडी अशी मारायचा की भल्या भल्या फॉरवर्डना आभाळ दिसायचं नाही. वडील नव्हते. आई पावसात भात करायची आणि भात कापून झाला की त्याच रानात वाल. रोज संध्याकाळी प्रणय जिते स्टेशनवरून रोह्याच्या गाडीत बसायचा, आणि आता त्याच्याबरोबर लॉरेन्सही.

लॉरेन्स त्या घरात असा रमला की विचारू नका. प्रणयच्या आईला वहिनी म्हणायचा, वालाच्या शेंगा सोलू लागायचा, आणि सकाळी अंगणात प्रणयला उभा करून लिंबाएवढा दगड टाकत 'आता कुठं पडेल सांग' असा खेळ खेळायचा. एकदा ती माउली प्रॅक्टिसला आली आणि भाऊंपुढे उभी राहून म्हणाली, "भाऊ, तुमचा पाहुना चांगला हाय, पन त्याला रोज मासे लागतात. मी कुठनं आनू रोजचे?"

"अगो, त्याला वालाची सवय लाव," भाऊ म्हणाले. "सीझन सरेपर्यंत वाल मागून खाईल बग."

आणि खरंच तसं झालं. सीझन संपता संपता लॉरेन्स वालाच्या बिरड्यासाठी हट्ट करायला लागला होता.

पण त्या सीझनला प्रणयसाठी फळी उठली नाही. बाकी जोड्यांच्या फळ्या वेळच्या वेळी उठत होत्या, पोरं आत जात होती, चुकत होती, शिकत होती. स्टॉपरच्या बाबतीत मात्र भाऊंचा हात जड. "मधला मानूस चुकला की मागं कोन नसतो," म्हणायचे. प्रणय दर मॅचला लाइनीशेजारी अंग गरम करायचा आणि दर मॅचला परत ट्रॅकसूट चढवायचा. तक्रार नाही. लॉरेन्स मात्र अस्वस्थ. मला पट्टी बांधू देताना एकदा म्हणाला, "डॉक्टर, पोरगा तयार आहे. माझ्यापेक्षा तयार आहे. भाऊंना सांगा ना." मी सांगितलं. भाऊ म्हणाले, "ठावं हाय मला. शेवटच्या मॅचला. रोह्यातच हाय, घरच्या मैदानावर. त्याच्या आईला बघू दे."

हे भाऊंनी प्रणयलाही सांगितलं. स्वतः. त्याच्या खांद्यावर हात ठेवून.

आता त्या पोराचं काय अडकलं होतं तेही सांगायला हवं. नागोठण्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे त्याच्या मामाने शब्द टाकला होता. जागा होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. मामा रोखठोक. म्हणाला, रविवारी तू खेळलास तर खेळाच्या मागे लाग, मी ठेकेदाराला नाही म्हणून सांगतो. बेंचवरच बसायचं असेल तर इथं येऊन पोटापाण्याचं बघ. आईचं म्हणणं काय ते तिने सांगितलं नाही. मला वाटतं, तिला पोरगा खेळायलाच हवा होता. पण घर तिला एकटीला रेटायचं होतं.

रविवारी जित्याहून निम्मा गाव गाडीने आला. आई इस्त्रीचं लुगडं नेसून, मामा, आजूबाजूची माणसं, सगळे मैदानाच्या कडेला गवतावर. मॅच अशी की बरोबरी झाली तरी आम्ही त्या लीगमध्ये टिकणार होतो, आणि हरलो तर खालच्या गटात जाणार होतो. शेठ पांढऱ्या कपड्यांत, कपाळाला अंगारा लावून आलेले. एमआयडीसीकडून नेहमीचा उग्र वास येत होता आणि नदीवरून गरम वारा. पहिल्या हाफमध्ये दोन्ही बाजूंना एकेक गोल झाला.

दुसऱ्या हाफमध्ये मुंबईची टीम तुटून पडली. चेंडू आमच्या अर्ध्यातून बाहेरच जाईना. लॉरेन्स जीव तोडून खेळत होता, पण त्याचा उजवा पाय ओढला जात होता. एकदा तो कॉर्नर काढून खाली पडला तेव्हा मी धावत जाऊन फवारा मारला. तो माझ्या कानाशी म्हणाला, "आता उचला म्हणावं." परत येऊन मी भाऊंना शब्दाला शब्द सांगितला. प्रणय ट्रॅकसूट काढून लाइनीपाशी उभा होता. शर्ट खोचलेला, नजर भाऊंकडे.

तेवढ्यात शेठ बेंचच्या मागे आले. वाकून म्हणाले, "भाऊ, आज नको. आज प्रयोग नको. उद्यापासून सगळी पोरं खेळवा तुमची, मी एका शब्दाने बोलणार नाही. पण आज नको."

भाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. गुडघ्यांवरून ते हात किंचित सुटले. मला वाटलं, आता वर येणार. चेंडू मैदानाबाहेर गेला होता आणि लॉरेन्स आमच्याकडे तोंड करून उभा होता. त्याने स्वतःच दोन्ही हात उताणे केले आणि छातीपर्यंत उचलले. फळी. असं आजवर कुठल्या खेळाडूने केलं नव्हतं. ते भाऊंनीच करायचं असे.

आणि मग भाऊंनी ते दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली सरकवले आणि त्यांच्यावर बसून राहिले.

मॅच सुटेपर्यंत ते तसेच बसले होते. बरोबरीच राहिली. आम्ही टिकलो. माणसं मैदानात घुसली, ढोल वाजले, शेठना कोणी तरी खांद्यावर घेतलं. लॉरेन्सला आम्ही तिघांनी उचलून बाहेर आणला, त्याचा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. त्या गुडघ्यावर तो पुन्हा कधी खेळला नाही. भाऊंच्या उजव्या अंगाला बसून बोलायला त्याच्याकडे काही नव्हतं. तो बसला, आणि मी बर्फ बांधत राहिलो.

प्रणयने सगळ्यांशी हात मिळवला. ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढली. मग येऊन भाऊंच्या पाया पडला. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. भाऊ खाली बघत म्हणाले, "पुढच्या सीझनला, पोरा."

"व्हय भाऊ," प्रणय म्हणाला.

सोमवारी तो नागोठण्याला रुजू झाला.

लॉरेन्स आठवड्याभराने गेला. त्याला कोलाडवरून गोव्याच्या बसमध्ये बसवायला मीच गेलो होतो. हायवेवरच्या टपरीवर चहा घेताना त्याने मला सांगितलं की निघताना प्रणयच्या आईने वालाच्या सोललेल्या डाळिंब्यांची पिशवी बांधून दिली. "माझा गुडघा जाणारच होता, डॉक्टर," तो म्हणाला. "आज नाय तर उद्या. पण तो पोरगा फुकट गेला." बस आली. पिशवी त्याने बॅगेत टाकली नाही, मांडीवर घेऊन बसला.

पुढच्या सीझनच्या बैठकीत शेठनी आणखी अनुभवी माणसांची नावं वाचली. जवळजवळ अख्खी टीम. भाऊ म्हणाले, "मग पोरांनी कुठं खेळायचं?"

शेठ समजावणीच्या सुरात म्हणाले, "भाऊ, अनुभव होता म्हणून आपण टिकलो. हे तुम्हीच तर दाखवून दिलंत."

आजवर भाऊंनी शेठना फळीच्या ज्या जोरावर गप्प बसवलं होतं, तो जोर त्यांनी त्या रविवारी स्वतःच्या मांड्यांखाली दाबून टाकला होता. त्यांनी खिशातून क्लबच्या खोलीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि चपला घालून निघून गेले. मी मागोमाग गेलो, पण ते इतके भराभर चालत होते की नदीच्या पुलावर मी नाद सोडला.

अनुभवी टीम एक सीझन बरी खेळली. मग सगळे एकदमच थकले, कारण सगळे एकाच वयाचे होते. मागे कोणी तयार नव्हतं. क्लब खाली घसरला, आणखी घसरला, आणि शेठचा नादही उतरला. आता त्या मैदानावर ट्रक उभे असतात. गोलच्या खांबांपैकी एक अजून आहे, त्याला दोरी बांधून ड्रायव्हर लोक कपडे वाळत घालतात. मी तिकडून जाणं टाळतो. जावंच लागलं तर दुसऱ्या बाजूला बघतो.

भाऊंनी मग कधी कुठल्या टीमला खेळवलं नाही. लोक बोलवायला आले, नाही म्हणाले. रिटायर झाल्यावर पेणला मुलीकडे राहायला गेले. मी मधूनमधून जाऊन येई. गप्पा व्हायच्या, पण फुटबॉल सोडून. श्रावणाच्या आधी गल्लोगल्लीच्या कारखान्यांत रंगायला काढलेल्या गणपतींच्या रांगांसमोरून आम्ही चालत जाऊ, आणि भाऊ फक्त 'यंदा गर्दी लवकर' एवढंच म्हणत. एकदा मी न राहवून त्या रविवारचा विषय काढला. म्हटलं, "शेठचं दडपण होतं भाऊ. तुमचा काय दोष?"

ते थांबले. म्हणाले, "शेठ मागं होता रं. हात माझेच होते."

मग मला प्रणयच्या आईकडून एक गोष्ट कळली. ती गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला माझ्या दुकानात यायची. म्हणाली, "तुमचे भाऊ येतात आमच्याकडं. म्हंजे घरी नाय. पेनवरनं गाडी पकडतात, जित्याला उतरतात आनि ठेसनावरच्या बाकड्यावर बसतात. परतीची गाडी आली की जातात. मी दोनदा गेली बोलवायला. घरी चला म्हटलं, चा घ्या म्हटलं. नाय म्हनतात. आता मी फकस्त पान्याचा तांब्या ठेवून येते शेजारी."

"प्रणय काय म्हणतो?"

"तो काय म्हननार? शिफ्ट करून येतो नि झोपतो."

तांब्यातलं पाणी भाऊ प्यायचे का, हे मी विचारलं. ती म्हणाली, "नाय. तांब्या तसाच भरलेला असतो."

नंतर भाऊंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी पेणच्या दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि धरूनच राहिले. ज्या माणसाला कधी हाका मारायची गरज पडली नव्हती, त्याची वाचा गेल्याने काय बिघडलं असं कोणी म्हणेल. मला मात्र ते बघवलं नाही. त्यानंतर मी जाणं कमी केलं.

गेल्या हिवाळ्यात भाऊंच्या गावच्या मंडळाने फुटबॉलचे सामने ठेवले. भात कापून झाल्यावर मोकळ्या झालेल्या रानात, धसकटं काढून, चुन्याच्या लाइनी मारून. भाऊंच्या मुलीचा फोन आला, "डॉक्टरकाका, बाबांना नेतोय आम्ही. तुम्ही या. बर्फ आणा." बर्फाचं तिने थट्टेने म्हटलं, पण मी खरोखरच जुनी पेटी भरून घेऊन गेलो.

भाऊ चाकाच्या खुर्चीत लाइनीशेजारी. शाल पांघरलेली, मान थोडी कललेली. डावा हात गुडघ्यावर पालथा, उजवा मांडीवर नुसता ठेवलेला. मी सवयीने डाव्या अंगाला बसलो. त्यांनी डोळे फिरवून माझ्याकडे आणि पेटीकडे पाहिलं. मिशीची एक बाजू हलली. हलणारी तेवढीच राहिली होती.

दुसऱ्या सामन्यात जित्याची टीम होती. त्यांचा स्टॉपर मी आधी ओळखला नाही. पोट सुटलेलं, केस विरळ. पण समोरून उंच चेंडू आला आणि त्याने मान वर करून अर्ध्या क्षणात जागा बदलली, तेव्हा लॉरेन्सचा लिंबाएवढा दगड माझ्या डोळ्यांपुढे आला. प्रणय. त्यानेही आम्हाला पाहिलं होतं. नमस्कार केला, लांबूनच, आणि खेळात शिरला.

दुसरा हाफ अर्धा सरला तेव्हा तो दमला होता. हात कमरेवर ठेवून वाकायचा, पुन्हा सरळ व्हायचा. जित्याच्या बेंचवर एक कोवळा पोरगा अंग गरम करत होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. गावच्या खेळात कोण कोणाला बाहेर काढतो?

माझ्या शेजारी शाल हलली. भाऊंचा डावा हात गुडघ्यावरून उठला होता. मला वाटलं, त्यांना काही हवंय. मी वाकलो. पण तो हात माझ्याकडे नाही आला. तो उजव्या हाताकडे गेला, त्या मेलेल्या मनगटाखाली शिरला, आणि त्याला उचलू लागला. दोन्ही पंजे उताणे करायची त्यांची धडपड चालली होती. मुलगी म्हणाली, "बाबा, काय पाहिजे? पाणी?" मी तिला थांबवलं. चेहरा लाल झाला होता, मानेची शीर तटतटली होती. हळूहळू, डाव्याने उजव्याला ओढत, ते छातीपर्यंत आले.

मैदानात प्रणय थबकला. चेंडू त्याच्या शेजारून गेला, त्याने पाहिलाही नाही. त्याच्या टीमची पोरं ओरडायला लागली. तो आमच्याकडे बघत उभा होता. मग त्याने त्या कोवळ्या पोराला हाताने बोलावलं आणि स्वतः चालत बाहेर आला.

भाऊंनी त्याच्यासाठी फळी उचलली ती आयुष्यात एकदाच, आणि तीही त्याला बाहेर काढायला. मला तिथे बसवेना. पण उठताही येईना.

प्रणय येऊन खुर्चीच्या उजव्या चाकाला टेकून जमिनीवर बसला. घामाने निथळत होता. मी पेटीतली थंड बाटली पुढे केली. त्याने मानेनेच नको म्हटलं.

"भाऊ," तो धापा टाकत म्हणाला, "पोरगा डावीकडं बघत नाय. पन उडी चांगली हाय. आता बगा… गेला बगा वर." तो बोलत राहिला. अगदी रीतीप्रमाणे, काय चुकतंय, काय जमतंय. भाऊंचे हात पुन्हा मांडीवर पडले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला डाव्या हातातही आता जोर उरला नव्हता. शिट्टी झाल्यावरच प्रणयने बाटली घेतली.

संध्याकाळी तो मोटरसायकलवर निघाला, दुसऱ्या कोणाच्या तरी बदली शिफ्टला जायचं होतं. मी जवळ गेलो. विचारलं, "वाईट वाटलं का रे?"

त्याने हेल्मेटचा पट्टा लावला.

"नाय डाक्टर," तो म्हणाला. "उचलली ना एकदाची."

माघात भाऊ गेले. मला ते शेवटचे दिसले ते त्या रानातच. मुलगी खुर्ची ढकलत बांधाकडे नेत होती, शाल घसरली होती, आणि मागून पाहताना खुर्चीच्या दोन्ही बाजूंना काहीच दिसत नव्हतं. हात पुढे मांडीवर होते.